अण्णांचा पाय आणि तुमच्या बांगड्या

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, यंत्रमागावर कामाला आहेत. वय ५८, शुगर चौदा वर्षांपासून. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, चवड्यावर, आधी कुरूप झालं. ते त्यांनी ब्लेडने कापलं आणि तिथे जखम झाली. चार महिने झाले, रुपयाच्या नाण्याएवढी आहे ती तेवढीच आहे. एक दिवसाआड दवाखान्यात कंपाउंडर फेस येणाऱ्या औषधाने धुऊन पट्टी बांधतो. दुखत अजिबात नाही, त्यामुळे अण्णा एकही पाळी चुकवत नाहीत. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट ९.८ आला आहे. शेजारच्या काकू म्हणतात हळद आणि मध भरा. हैदराबादचा आतेभाऊ रोज नवे व्हिडिओ पाठवतो: जखम ओळखून आपोआप औषध सोडणारी पट्टी, जनुकांचं जेल, ग्रोथ फॅक्टर. एका क्लिनिकने स्टेमसेलच्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय. त्यासाठी माझ्या लग्नातल्या बांगड्या मोडाव्या लागतील, माझी तयारी आहे. पण यातलं खरं कुठलं ते सांगा. आणि दुसरं, अण्णा दरवर्षी कोजागिरीला अनवाणी तुळजापूरला चालत जातात. यंदाही जाणार म्हणतात, आईच पाय बरा करील म्हणतात. त्यांना कसं अडवू?"

ताई,

बांगड्या इतक्यात मोडू नका. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात जखमेवर काय काय घातलं आणि काय घालायचं मनात आहे याची मोठी यादी आहे. फेसाचं औषध, पट्टी, हळद, मध, जेल, इंजेक्शन. तो पाय दिवसातून किती तास जमिनीवरून उचललेला असतो, याबद्दल मात्र एकच वाक्य आहे आणि तेही ओझरतं: अण्णा एकही पाळी चुकवत नाहीत. माझ्या मते सगळं दुखणं त्या वाक्यात आहे.

चालताना शरीराचं वजन शेवटी चवड्यावरून पुढे सरकतं. मागावरचा माणूस एका जागी स्वस्थ उभा नसतो. धागा तुटला की इकडे, कांडी संपली की तिकडे, एका वेळी दोन-चार माग बघत पाळी संपेपर्यंत त्याची ये-जा चालू असते. प्रत्येक पावलाला ती जखम दाबली जाते आणि रात्रभरात थोडंफार भरलेलं कोवळं मांस सकाळच्या पहिल्या तासात चेंगरतं. चार महिने हेच चाललंय. अण्णांना त्यांच्याच कामातलं सांगून बघा: धागा तुटला तर माग थांबवूनच गाठ मारावी लागते, चालू मागावर नाही मारता येत.

"दुखत नाही" हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय. मला नेमकी त्याचीच काळजी वाटली. तळपायाला एवढं भोक पडलेला माणूस दिवसभर त्यावर चालतो आणि त्याला काही जाणवत नाही, याचा अर्थ पायाच्या नसा बधिर झाल्यात. तुमच्या-माझ्या पायात साधा खडा गेला तरी आपण लंगडतो, आपोआप वजन दुसऱ्या पायावर टाकतो. अण्णांच्या शरीराची ती सोय गेली आहे. कुरूप ब्लेडने कापताना हात थांबला नाही, तोही याच कारणाने. (ब्लेड घरातून काढून टाका. कुरुपाची मलमं आणि पट्ट्याही. त्यातलं आम्ल चांगली कातडीसुद्धा खातं.)

ही गोष्ट जगाला नीट समजली ती आपल्या देशात, आणि मधुमेहाच्या नाही तर कुष्ठरोगाच्या रुग्णांवरून. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात ती त्या रोगाने मांस सडतं म्हणून, असाच तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की मांस बऱ्यापैकी धडधाकट असतं, गेलेली असते ती वेदना. आणि वेदना नसल्यामुळे माणूस स्वतःच्याच हातापायांची रोज नासधूस करत राहतो. तळपायाच्या जखमेला पूर्ण प्लास्टर घालून वजन वाटून टाकायची पद्धत भारतात कुष्ठरोग्यांसाठी वापरली जात होती. ब्रँड १९६०च्या दशकात अमेरिकेत गेले तेव्हा ती सोबत घेऊन गेले आणि तिथे ती मधुमेहींच्या पायासाठी रुळली. आजही मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना चवड्यावरच्या अशा जखमेसाठी पहिली पसंती देतात ती गुडघ्याखालपर्यंतच्या, रुग्णाला स्वतःहून काढता न येणाऱ्या प्लास्टरला किंवा तशा बुटाला. आतेभावाने पाठवलेल्या एकाही व्हिडिओत हे नसणार. प्लास्टरचा व्हिडिओ कोण बघतो?

"काढता न येणारं" यावर एवढा भर का, तेही सांगते, कारण अण्णा नक्की म्हणतील की काढता येणारा बूट द्या, मी घालतो. २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. अशाच जखमा असलेल्या रुग्णांना काढता येणारा खास बूट दिला आणि पावलं मोजणारं एक यंत्र कमरेला, एक बुटात बसवलं. दोन्ही आकडे ताडून बघितले तर दिवसभराच्या पावलांपैकी फक्त २८ टक्के पावलं बूट घालून पडली होती. ती माणसं वाईट नव्हती. रात्री लघवीला उठताना, स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना, दाराशी कोण आलं बघताना दुखत नसलेल्या पायाला बूट कोण चढवतो?

मात्र प्लास्टर घालण्याआधी दोन गोष्टी बघाव्याच लागतात. त्या न बघता कुणी प्लास्टर घालू लागला तर त्याला थांबवा.

पहिली, रक्त. पायात रक्तच पोचत नसेल तर सोन्याचं मलम लावलं तरी जखम भरणार नाही, आणि वर प्लास्टर आवळलं तर पाय जाऊ शकतो. अण्णा विडी ओढतात का, तंबाखू खातात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्हींपैकी काही असेल तर ते आजच्या आज बंद. पायाच्या नाड्या हाताने चाचपून बघायच्या, मग डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या यंत्राने. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडातला रक्तदाब यांची तुलना करतात, पण जुन्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत चुना साचून त्या कडक होतात आणि घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून "घोट्याचा दाब उत्तम आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. पायाच्या अंगठ्याचा दाब मोजता येईल का, नाहीतर डॉपलरमध्ये रक्ताच्या लाटा कशा दिसतात, हे विचारा. रोहिणी तुंबलेली निघाली तर आधी ती मोकळी करायची, अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने. बाकी सगळं त्यानंतर.

दुसरी, हाड आणि पू. चार महिन्यांच्या जखमेत डॉक्टर धातूची बोथट सळई आत घालून बघतात. ती टणक हाडाला टेकली तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका घ्यावी लागते. सोबत एक्स-रे. हाडात संसर्ग असेल तर अँटिबायोटिकचा हिशेब आठवड्यांचा होतो, कधी हाडाचा तुकडा काढावा लागतो. संसर्ग नसेल तर अँटिबायोटिकची गरजच नाही. जखम आहे म्हणून गोळ्या, असं होऊ देऊ नका.

हे सगळं करायला पुण्या-हैदराबादला पळायची गरज नाही. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सर्जरीच्या ओपीडीला सकाळी लवकर जा. रांग असते, डबा बरोबर ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड न्या आणि तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय काय बसतं. खाजगीत जायचं असेल तर मधुमेही पाय नेहमी बघणाऱ्या सर्जनकडे जा आणि आत गेल्या गेल्या विचारा, "तुम्ही प्लास्टर घालता का?" घालत नसतील तर कोण घालतं ते तेच सांगतील.

आता त्या फेसाची गोष्ट. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून माणसाला वाटतं, घाण बाहेर पडतेय. तो फेस चांगल्या पेशींवरही तसाच उठतो. एक दिवसाआड, चार महिने, दर वेळी नव्या कोवळ्या पेशी त्यात मरतात. स्वच्छ सलाईनने धुणं पुरतं. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं पाणी. त्याऐवजी कंपाउंडरकडून होत नाही ते काम सर्जनने करायला हवं: जखमेच्या कडेचा घट्टा आणि मेलेला थर धारदार पात्याने तासून काढणं. अण्णांच्या जखमेभोवती पांढरट, जाड कडा असणार, मी न बघता सांगते. ती कडा आत दाब वाढवते आणि नव्या कातडीला पुढे सरकू देत नाही. ती तासल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसेल, थोडं रक्त येईल. घाबरू नका.

आपल्याकडे जखम "वाळली" म्हणजे बरी झाली असं मानतात. खपली धरू दे, वारा लागू दे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर सारख्या वरवरच्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जवळपास दुप्पट वेगाने कातडीने भरल्या. कारण साधं आहे: नव्या पेशी कडेकडून सरपटत येतात आणि त्यांना ओलावा लागतो, खपली असली तर तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. आज बाजारात मिळणारी बहुतेक महागडी ड्रेसिंगं याच एका गोष्टीवर उभी आहेत. मुंबईच्या सायन रुग्णालयात तर भाजलेल्या जखमांवर आणि दुसरीकडे लावायला कातडी काढलेल्या जागेवर निर्जंतुक केलेलं केळीचं पान लावून बघितलं. ते चिकटत नाही, त्यामुळे काढताना व्हॅसलिन गॉजपेक्षा दुखतही कमी. मला तो प्रयोग फार आवडतो. पण म्हणून घरी केळीचं पान नाहीतर प्लास्टिक बांधू नका. ओलावा वेगळा आणि चिकचिकाट वेगळा. कडेची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली दिसली तर ओल जास्त झाली असं समजा.

काकूंच्या हळदीचं म्हणाल तर एक किस्सा आहे. जखमेवर हळद, याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे करून ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असावाच. पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच, की हा उपाय नवा नाही. तो मधुमेही पायाच्या खोल जखमेत चालतो का, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलाच नव्हता. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिची भुकटी जखमेत गोळा होऊन बसते आणि खालचं काही दिसेनासं होतं. मधाबाबतही आंतरराष्ट्रीय सूचना मधुमेही पायाच्या जखमेसाठी "वापरू नका" असंच सांगतात. पुराव्यात दम नाही. काकूंना दुखवायचं नसेल तर हळद आमटीत दोन चिमटी जास्त घाला आणि तसं त्यांना सांगा.

आता आतेभावाचे व्हिडिओ. त्याच्यावर चिडू नका, त्यातलं बरंच खरं आहे. फक्त कुठली गोष्ट कुणासाठी, हे व्हिडिओत सांगत नाहीत.

जखम ओळखून औषध सोडणारी पट्टी खरोखर तयार झालीय. कॅलिफोर्नियातल्या एका गटाने २०२३ मध्ये अशी पट्टी दाखवली, जी जखमेतल्या स्रावाचं तापमान, आम्लता, साखर वगैरे मोजते, औषध सोडते, विजेचा सौम्य प्रवाहही देते. ती उंदरांवर तपासली आहे. अण्णांच्या पायापर्यंत यायला तिला बराच प्रवास करायचा आहे. जनुकांचं जेलही खरं आहे. त्याला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ते एका दुर्मीळ जन्मजात आजारासाठी आहे, ज्यात मुलांची कातडी नुसत्या घासण्याने फोड येऊन सुटते. त्या मुलांच्या शरीरात कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारं एक कोलाजेन तयार होत नाही; जेलमधून त्याचंच जनुक पोचवतात. अण्णांचं ते जनुक व्यवस्थित आहे. त्यांना त्या जेलचा काडीचा उपयोग नाही.

ग्रोथ फॅक्टरवर जरा थांबू, कारण ते आपल्याकडेही दुकानात मिळतं आणि तुम्हाला कुणीतरी लिहून देईलच. जखम झाली की आधी रक्त गोठतं, मग सूज येऊन साफसफाई होते, मग मांस भरतं आणि कातडी चढते, आणि शेवटी कित्येक महिने व्रण पक्का होत राहतो. एका टप्प्यातून पुढच्यात जायचे हुकूम पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपात देतात. ती प्रथिनं म्हणजे ग्रोथ फॅक्टर. जुनाट जखम दुसऱ्या टप्प्यातच अडकलेली असते. तिथे सूज संपतच नाही आणि सुजेतली पाचक रसायनं नवं मांस तर खातातच, हे हुकूमही खाऊन टाकतात. म्हणजे न तासलेल्या, पू असलेल्या, रोज चेंगरणाऱ्या जखमेवर महागडं जेल लावलं तर ते त्या रसायनांचा नाश्ता होतं.

आणि स्वच्छ जखमेवर लावलं तर? अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या अशा पहिल्या जेलच्या मोठ्या चाचणीत २० आठवड्यांत सुमारे ५० टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या. नुसतं बिनऔषधी जेल लावलेल्यांत ३५ टक्के. २०१८ मध्ये युरोपात आणखी दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सुक्रोज ऑक्टासल्फेट नावाचं द्रव्य लावलेली पट्टी त्या पाचक रसायनांना आवरते. तिच्यामुळे २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या, साध्या पट्टीने ३० टक्के. दुसऱ्या चाचणीत रुग्णाच्याच रक्तातून पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे) यांची चकती करून जखमेवर बसवली: ३४ विरुद्ध २२ टक्के.

हे आकडे मी मुद्दाम दिलेत. फायदा खरा आहे, नाकारायचं कारण नाही. पण दोन गोष्टी बघा. नवा उपचार मिळालेल्यांतही निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांची जखम २० आठवड्यांत भरली नव्हती. आणि या चाचण्यांत दोन्ही बाजूंच्या रुग्णांना जखम तासणं आणि पायावरचा भार कमी करणं आधीच मिळत होतं. नवा उपचार त्यावर ठेवलेला थर होता. अण्णांना खालचंच काही मिळालेलं नाही.

व्हॅक्यूम पट्टीबद्दल, म्हणजे यंत्राने जखमेतला स्राव ओढून घेणाऱ्या पट्टीबद्दल, कुणी सांगितलं तर एवढं ध्यानात ठेवा: १९९७ पासून रूढ झालेली ही पद्धत मोठ्या, खोल, ऑपरेशननंतरच्या जखमांत फार कामाची आहे. रुपयाएवढ्या उथळ जखमेला तिची गरज नसते.

स्टेमसेलचं पॅकेज मात्र मला खटकलं. भारतात स्टेमसेलचे मंजूर उपयोग मोजके आहेत. ते सोडून बाकी सगळं नियमाप्रमाणे फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचं असतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. आणि चाचणी असेल तर जे तपासायचं त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. तेव्हा त्या क्लिनिकमध्ये जाऊन शांतपणे विचारा: ही मंजूर औषधोपचार पद्धत आहे का? असेल तर मंजुरी कोणत्या आजारासाठी आहे? चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक द्या. "ते सगळं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका" असं उत्तर आलं तर चप्पल घाला आणि बाहेर पडा.

आता बांगड्या. बधिर पायाची, पण रक्तपुरवठा चांगला असलेली आणि संसर्ग नसलेली अशी जखम प्लास्टरमध्ये बहुतेक वेळा सहा ते बारा आठवड्यांत भरते. तेवढे आठवडे अण्णा मागावर उभे राहू शकत नाहीत. रोजावरच्या माणसाला एवढे खाडे म्हणजे काय, हे मला सांगायला नको. घरभाडं आहे, भिशी आहे, मालकाकडून घेतलेली उचल असेल. जखम चार महिने का रेंगाळली याचं खरं उत्तर तिथे आहे, आणि त्यावर कुणी जेल बनवलेलं नाही. म्हणून माझा सल्ला असा: बांगड्यांना हात लावायचाच झाला तर इंजेक्शनसाठी नाही, अण्णांच्या सुट्टीसाठी लावा. मोडू नका, गहाण ठेवा. त्याआधी मालकाशी बोला. बसून करायचं काम मिळतंय का बघा: कांड्या भरणं, टॉवेलच्या किनारी शिवणं, घड्या घालणं. अण्णा म्हणतील ही बायकांची कामं. म्हणू द्या. तुम्ही वाद घालू नका. त्यांच्याच कारखान्यातला, पाय गमावलेला एखादा जुना जोडीदार असेलच, त्याला एकदा चहाला बोलवा.

घरी एवढं करा. दर रविवारी पट्टी बदलताना, किंवा प्लास्टर असेल तर ते बदलायच्या दिवशी, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं तर गाडी रुळावर आहे. नाही आलं तर डॉक्टरांना ते फोटो दाखवून विचारा की रक्तपुरवठा, हाड, भार यातलं काय पुन्हा तपासायचं. आणि ते सगळं ठीक निघालं तर आता त्या नव्या पट्ट्यांपैकी किंवा जेलपैकी काही वापरायचं का. महाग उपचारांची पाळी तेव्हा येते. त्या वेळी मीही तुम्हाला नको म्हणणार नाही.

शुगर ९.८ आहे, ती उतरवायलाच हवी. काही महिने इन्सुलिन लागलं तर नाही म्हणू नका, एकदा सुरू झालं की सुटत नाही ही भीती सोडा. खाण्यात प्रथिनं वाढवा. भाकरीबरोबर शेंगाचटणी आहेच, सोबत डाळ, अंडी, दही. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारा.

राहिलं तुळजापूर. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, अनवाणी, या पायाने: अजिबात नाही. जखम भरली असली तरी नाही. एकदा भरलेली अशी जखम वर्षभरात परत उघडण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे, आणि व्रणाची कातडी कितीही पक्की झाली तरी मूळ कातडीच्या ८० टक्क्यांच्या पुढे मजबूत होत नाही. जखम भरल्यावरही घरात-बाहेर एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल, आतून हात फिरवून खडा-खिळा बघितल्याशिवाय पाय घालायचा नाही. हा नियम आयुष्यभराचा. उन्हाळ्यात आपल्याकडे देवळाच्या फरशा काय तापतात ते तुम्ही जाणताच; बधिर पायाला भाजलेलंही कळत नाही. अनवाणी प्रदक्षिणा बंद.

पण अण्णांना "जाऊ नका" म्हणून भागणार नाही. इतक्या वर्षांचा नेम आहे, तो मोडला तर ते आतून खचतील, आणि गुपचूप जातीलही. त्यांना आईच्याच दरबारातली गोष्ट सांगा. महिषासुराशी लढून दमलेली भवानी दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पलंगावर श्रमनिद्रा घेते, ती कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत. अण्णांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. जिने स्वतः विसावा घेतला ती विसाव्याला नाही म्हणेल का, एवढंच विचारा आणि गप्प बसा. पौर्णिमेला एसटीने न्या, गर्दी टाळायची तर दोन दिवसांनी न्या. चालायचा नेम यंदा घरातल्या कुणी तरण्याने उचलावा. आतेभाऊ आहे ना हैदराबादला, रोज व्हिडिओ पाठवायला वेळ आहे त्याला.

शेवटचं, आणि हे फ्रिजवर चिकटवा. पाय सुजला, लाली घोट्याकडे चढायला लागली, वास आला, बोट निळं-काळं पडलं, थंडी वाजून ताप आला किंवा कारण नसताना शुगर एकदम वाढली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. प्लास्टर घातलेलं असेल आणि त्यातून वास येत असेल, ओल दिसत असेल किंवा बोटं गार पडली असतील, तर ते त्याच दिवशी रुग्णालयात कापून काढायला लावायचं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी १०८ला फोन लावा आणि सिव्हिलच्या अपघात विभागात जा.